एका वेळी एकच सूर

वहिनी घरात आली तेव्हा मला आनंदच झाला होता. हेवा सुरू झाला तो ती फुलांच्या खोलीत येऊन बसायला लागली तेव्हापासून.

नाशकात मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि पाटाच्या कडेने आईची घरापुरती मेथी-कोथिंबीर. घराला लागून एक लांबट कौलारू खोली होती. तोडलेली फुलं बाजाराला जाईपर्यंत तिथे ओल्या बारदानावर पसरून ठेवत, म्हणून ती फुलांची खोली. माझा थोरला भाऊ भास्कर, म्हणजे दादा, याने वडिलांच्या मागे लागून त्या खोलीचा अर्धा भाग मिळवला आणि तिथे गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ थाटला. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, छताला अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले, मधोमध जाड सतरंजी टांगून पडदा केला. एक मिक्सर, दोन कॅसेट डेक, एक बरा माइक आणि एक खरखरणारा. मिक्सर आणतोय म्हटल्यावर आईला वाटलं, चटणी वाटायचं यंत्र येतंय; खोकं उघडल्यावर तिचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो. खोलीला बाराही महिने झेंडूचा उग्र वास असायचा. गायला आलेली माणसं आधी शिंकायची आणि मग गायची.

त्या खोलीत मला एक जागा होती. पंचवटीत एका बाईंकडे मी लहानपणापासून पेटी शिकत होते, परीक्षा दिल्या होत्या, आणि हिचा कान पक्का आहे असं बाई आईला सांगायच्या. दादाला गाण्याचं वेड होतं, यंत्रांची जाण होती, पण सुराच्या बाबतीत त्याची स्वतःची खात्री नसे. भजनी मंडळ असो, निवडणुकीच्या प्रचाराची रिक्षा असो, एक तुकडा झाला की तो हेडफोन काढून माझ्याकडे बघायचा. "शोभा, बसला का?" मी मान हलवली तरच पुढचं. मोठमोठे मिशीवाले बुवा माझ्या मानेकडे बघत ताटकळत उभे राहायचे. उंबऱ्याबाहेर आले की मी पुन्हा हार ओवणारी, भाकऱ्या थापणारी, कॉलेजच्या बसमागे धावणारी मुलगी. आत मात्र माझ्या होकाराशिवाय टेप पुढे सरकत नव्हती. हे मी एवढं लांबण लावून सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते नुसत्या एका वाद्याच्या खरेदीवरून झालं असं कुणाला वाटू नये.

स्टुडिओची अडचण अशी होती की आमच्याकडे पेटी, ढोलकी आणि टाळ यांच्यापलीकडे काही नव्हतं. कॉलेज रोडला एक नवा स्टुडिओ निघाला होता. त्यांच्याकडे बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की सतार, असा मोठा कीबोर्ड होता आणि माणसं तिकडे वळायला लागली होती. त्या दसऱ्याला झेंडूला भाव चांगला मिळाला. नाना, म्हणजे आमचे वडील, दादाला म्हणाले, घे एखादं वाद्य, पण एकदाच. पुन्हा माझ्याकडे यायचं नाही. हा 'एकदाच' घरात कितीतरी दिवस फिरत राहिला. जेवताना, फुलं तोडताना, पाणी धरताना दादा आणि मी तेच बोलत असू. कॉलेज रोडवाल्यांसारखा कीबोर्ड आमच्या आवाक्यात नव्हता. त्याहून लहान, पण दोन्ही हातांनी वाजवता येईल असा एक मेन रोडच्या दुकानात होता. कॉलेजातून येताना मी तो काचेतून कितीदा पाहिला असेल. त्याच्या लांबीचा डोळ्यांनीच अंदाज घेऊन मी आईच्या जुन्या निळ्या साडीचं त्याला कव्हरसुद्धा शिवून ठेवलं होतं.

दुकानात आम्ही तिघं गेलो. तिसरी वहिनी. मंगल तिचं नाव, माहेर चांदवडचं. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. तिचे वडील तिथल्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे आणि लग्नसराई नसली की कांदा करायचे. ती गाणं शिकलेली नव्हती. सा कुठला आणि रे कुठला हे तिला सांगता येत नसे. बोलायला मोकळी, आणि हसायला लागली की थांबायची नाही. शेवभाजी अशी झणझणीत करायची की नाना घाम पुसत पुसत पुन्हा वाढायला सांगायचे. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. तोवर तिच्याविषयी माझ्या मनात काही नव्हतं.

मी दुकानातल्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी एक तुकडा वाजवला. आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली, त्याने मी आणखी खुलले. मग दुकानदाराने कौतुकाने एक बटण दाबलं आणि म्हणाला, हे ऐका, क्लॅरोनेट. वहिनीने ऐकलं आणि तिला हसू आलं.

"हे क्लॅरोनेट नाय," ती दादाला म्हणाली. "ह्याला फुंकच नाय."

दुकानदार म्हणाला, ताई, शेवटी मशीन आहे. पण दादाच्या डोक्यात काहीतरी बसलं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं का, मींड घेता येते का, असं त्याने दुकानदाराला विचारलं. येत नव्हती. ते मलाही माहीत होतं, पण मी त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलेलं होतं. आम्ही कीबोर्ड न घेताच बाहेर पडलो. रस्त्याने दादा वहिनीला विचारत होता की फुंक म्हणजे नेमकं काय, आणि ती हातवारे करून सांगत होती की आधी नुसता वारा येतो, मग सूर जागा होतो, मग तो फुगतो. मेन रोडच्या गर्दीत मी त्या दोघांच्या मागून चालत होते. त्याआधी दादाबरोबर मी कधी मागून चालल्याचं मला आठवत नाही.

मग चांदवडहूनच एक निरोप आला. मालेगावच्या इसाकभाईंनी आपला ऑर्केस्ट्रा बंद केला होता आणि त्यांच्याकडे एक जुना सिंथेसायझर विकायला पडून होता. सगळे ऑर्केस्ट्रावाले नव्या कीबोर्डच्या मागे लागलेले, त्यामुळे जुन्याला कुणी विचारत नव्हतं आणि आमच्या पैशात तो सहज बसत होता. तसल्या वाद्यांना अ‍ॅनालॉग म्हणतात, हे मला अलीकडे भाचीने सांगितलं. आता लोक ती शोधत हिंडतात म्हणे. तिने हे सांगितलं तेव्हा तिची आई, म्हणजे वहिनीच, शेजारी बसून हसत होती, आणि पन्नाशी उलटून गेल्यावरही मला तिचा तोच जुना हेवा वाटला.

मालेगावला आम्ही एसटीने गेलो. इसाकभाईंचं घर यंत्रमागांच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंना मागांचा खटखटाट असा की माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत होती. इसाकभाई सडपातळ, दाढीला मेंदी लावलेले, फार अदबीचे. त्यांनी आधी चहा आणि खारी दिली, घरच्यांची चौकशी केली, मग कपाटावरून चादरीत गुंडाळलेलं यंत्र खाली घेतलं. काळ्या पत्र्याचा डबा, कडांना लाकडाच्या पट्ट्या, खाली पेटीएवढे स्वर आणि वर नुसती फिरवायची बटणं. सनई नाही, सतार नाही, ठेका नाही.

"इसमें बना-बनाया कुछ नहीं है," इसाकभाई म्हणाले. "आवाज आपको खुद बनानी पड़ेगी. और एक वक्त में एक ही सुर बोलेगा."

मी आधी बसले. यमनची सुरुवात घेतली. गिरणीचा भोंगा वाजावा तसा आवाज आला. दोन्ही हात ठेवले तर त्यातलं एकच बोट बोलायचं, बाकीची मुकी. इतकी वर्षं शिकलेलं सगळं त्या डब्यात जाऊन मरत होतं. हे आपल्या कामाचं नाही, असं मी दादाला सांगितलं आणि उठले. इसाकभाई बटणं फिरवून दाखवायला पुढे आले, तेवढ्यात वहिनीने पदर खोचला आणि विचारलं, मी बघू का? तिने उजव्या हाताने एकच पट्टी दाबून धरली, कुठला सूर आहे हे न बघता, आणि डाव्या हाताने एकेक बटण अगदी हळू फिरवायला लागली, चुलीची आच कमी-जास्त करावी तशी. आवाज आधी जाड होता. मग बंद दाराआडून यावा तसा झाला. मग त्यातला भोंगा निघून गेला आणि आत पोकळ, लाकडी असं काहीतरी उरलं. तिने आणखी एक बटण फिरवलं, आणि सुराच्या आधी किंचित वारा आला. नंतर ती दुसऱ्या पट्टीवर गेली तेव्हा सूर उडी न मारता घसरत गेला. वरात दारात आल्यावर बँडवाला जो लांब सूर धरतो, तो त्या खोलीत उभा राहिला. बाहेर माग चालूच होते, पण इसाकभाई हातातला कप तोंडाशी न नेता तसेच थांबले होते. वहिनी मोठ्याने हसली. आणि दादा तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर मी ओळखत होते. ती माझी होती. मी पहिल्यांदा पेटीवर न अडखळता गाणं वाजवलं होतं तेव्हापासून ती फक्त माझ्यासाठी होती.

दादाने मला विचारलं नाही असं नाही. तुला काय वाटतं शोभा, असं त्याने विचारलं. पण विचारताना तो यंत्राकडे बघत होता. मी सांगितलं, कीबोर्ड घे. त्यावर साथ करता येते, ठेका मिळतो, दोन हात चालतात, आणि गिऱ्हाइकाला आज तेच हवं आहे. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता, असं मला आजही वाटतं. दादाने मान डोलावली, "बरोबर आहे तुझं" म्हणाला, आणि इसाकभाईंना यंत्र बांधून द्यायला सांगितलं.

माझं निळं कव्हर त्या डब्याला फार मोठं झालं. आईने ते उसवून त्याच्या उशीच्या खोळी केल्या. मी फुलांच्या खोलीत जाणं सोडलं. कुणी जा म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. दुपारी मी पडवीत हार ओवत बसायचे आणि आतून आवाज यायचे. कधी बेडकासारखा, कधी दूरवरच्या शिट्टीसारखा, कधी काहीच्या बाही. मग वहिनीचं हसणं आणि त्यात मिसळलेलं दादाचं. तिच्या हसण्यापेक्षा मला त्याच्या हसण्याचा जास्त राग यायचा. मी सुई इतकी जोरात खुपसायचे की झेंडूच्या पाकळ्या मांडीवर गळून पडत आणि आई तो हार पुन्हा ओवायला घ्यायची. एका ताटात जेवणं बंद झालं. मला भूक नाही, मी नंतर बसते, अशी कारणं मी द्यायचे, आणि वहिनी झाकून ठेवलेली शेवभाजी मी एकटीने, थंड झालेली, खायचे. तिखट तेवढंच होतं, चव मात्र लागायची नाही. तिला नोटेशन येत नाही, ती बोटं चुकीची टाकते, तिची पाठ वाकलेली असते, असल्या गोष्टी मी मनाशी मोजत बसायचे. मला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे की तिला स्वतःला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तिने ते मागितलं नव्हतं, त्यासाठी परीक्षा दिल्या नव्हत्या. पदर खोचला आणि बसली.

आई हे सगळं बघत होती. एकदा भाकऱ्या करताना ती म्हणाली, "मंगलला माहेरी क्लॅरोनेटला हात लावू दिला नव्हता म्हणे कुणी. पोरीच्या जातीने फुंकायचं नाही, असं तिच्या बापाचं. तुला पेटीवरून कुणी उठवलं का कधी?" त्या बोलण्याने मी निवळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एवढंच आलं की आता आईही तिच्या बाजूची झाली.

त्या सुमारास पगारे सर आले. शहरातल्या एका बौद्ध कॉलनीत राहायचे, शाळेत शिकवायचे, आणि जयंतीच्या गाण्यांची स्वतःची कॅसेट काढायचं त्यांच्या फार दिवस मनात होतं. आवाज खणखणीत आणि सुराच्या बाबतीत अतिशय कडक. त्यांनी वहिनीचं वाजवणं ऐकलं आणि कॉलेज रोडला न जाता आमच्याकडेच करायचं ठरवलं. दादाला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. हे बिघडलं तर पुन्हा कुणी आमच्या झेंडूच्या वासात शिंकायला येणार नाही, हे त्याला कळत होतं. सकाळपासून तो जेवला नव्हता.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात पोचले तेव्हा दुसरं कडवं चाललं होतं. सरांचा आवाज आणि वहिनीचं ते क्लॅरोनेट एकमेकांच्या जवळून चालले होते, पण त्यांच्यात एक फट पडत होती. सर मध्येच थांबले. "माझा सूर गेला का?" त्यांनी दादाला विचारलं. दादा डेककडे बघायला लागला. त्याला वाटलं टेप हळू फिरतेय. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच फट. सर कानावर हात ठेवून उभे राहिले, त्यांचा चेहरा लाल झाला. वहिनी सगळ्यांकडे बघत होती. तिला खरंच कळत नव्हतं. बँडमध्ये दहा वाद्यं दहा दिशांना ओढत असतात. तिचा कान त्यात वाढलेला.

"तुमचा सूर गेला नाही, सर," मी दारातूनच म्हणाले. "मशीन उतरलंय. शेजारच्या मळ्यात मोटर सुरू झाली, वीज कमी झाली, तेव्हापासून. आणि त्याच्या आधी ते गरम होत होतं तसं चढत होतं."

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. वहिनीने पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. दादा हळू आवाजात म्हणाला, म्हणजे मालेगावहून आपण भंगार उचलून आणलं म्हणायचं. त्या क्षणी ती खोली पुन्हा माझी झाली होती आणि मला त्याचा इतका आनंद झाला की हातातला चहा द्यायचा राहून गेला. वहिनी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. बसल्या जागी थोडी सरकून तिने शेजारी जागा केली.

"मला नाय कळत ते, ताई," ती म्हणाली. "कुठं सरकतंय ते तुम्हाला दिसतं का?"

"दिसत नाही. ऐकू येतं."

"मग इथं बसा ना."

यंत्राच्या पाठीमागे सूर वर-खाली करायचं एक बारीक बटण होतं. सर वाट बघत होते, दादा माझ्याकडे बघत होता. मी ट्रे खाली ठेवला आणि बसले. "तुम्ही वाजवत राहा, मागे बघू नका," एवढंच तिला म्हणाले. पुढ्यात माझी पेटी, एका कानात पेटीचा सूर, दुसऱ्या कानात यंत्राचा, आणि हात मागच्या बटणावर. केसाएवढं फिरवायचं. जास्त झालं तर मांजर ओरडल्यासारखं व्हायचं. ती वाजवत होती आणि मी तिच्या खालची जमीन धरून ठेवत होते. सरांनी ते गाणं एका दमात पूर्ण केलं, डोळे मिटून.

मग तसंच ठरून गेलं. गाणं धरायच्या खूप आधी यंत्र सुरू करून गरम होऊ द्यायचं, मी सूर मिळवायचा, आणि ती वाजवत असताना तो सुटू द्यायचा नाही. पुढे पुढे आवाज किती खाली येतो यावरून कुणाच्या मळ्यातली मोटर लागली हेही मला सांगता यायला लागलं. आमचे गुडघे एकमेकींना लागायचे, तिच्या हाताला फोडणीचा वास यायचा. यातून आमचं मन जुळलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. उलट हेव्याला आता बसायला शेजारीच जागा मिळाली. कारण मला लवकरच कळून चुकलं की माझं काम बरोबर झालं की ते ऐकूच येत नाही. मी चुकले असते तरच माझा आवाज कॅसेटमध्ये आला असता. लोक येऊन म्हणायचे, ते क्लॅरोनेट काय सुंदर आहे.

पगारे सरांची कॅसेट निघाली. कव्हरवर सरांचा फोटो, खाली त्यांचं नाव, त्याखाली ध्वनिमुद्रण म्हणून दादाचं आणि वाद्य म्हणून सौ. मंगल असं वहिनीचं. मी ते कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि दादाला विचारलं. तो गोंधळला. माझं नाव टाळावं असं त्याच्या मनात नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

"पण तुझ्यापुढे काय लिहायचं?" त्याने विचारलं.

तो खरंच विचार करत उभा राहिला. त्याला शब्द सापडला नाही. मलाही सापडला नाही, त्यामुळे रागावायचं कुणावर हेही कळेना.

उन्हाळ्यात वहिनी चार दिवस माहेरी निघाली आणि मला आग्रहाने बरोबर घेऊन गेली. चांदवडला तिच्या घरापुढे कांद्याची चाळ, अंगणात सुकलेल्या पातीचा वास, दुपारी बाजरीची भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला ठेचा. तिचे वडील आबा खाटेवर पडून असायचे. पुढचे दात पडल्यापासून त्यांचं क्लॅरोनेट सुटलं होतं. बँडच्या माणसांनी त्यांच्या जागी दुसरा घेतला होता आणि त्या बँडचा आवाज लांबून आला तरी आबा कूस बदलायचे, असं वहिनीच्या आईने मला सांगितलं. लेकीने नाशकात काहीतरी मशीन घेतलंय एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. वहिनीनेही आपणहून सांगितलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर तिच्या आईने कॅसेट लावली. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सरांचं पहिलं कडवं झालं, ते वाद्य सुरू झालं, आणि आबा उठून बसले.

"नाशकाला कोन आलाय नवीन?" त्यांनी विचारलं.

ते पुढे वाकून ऐकत राहिले. कडव्याच्या शेवटी पोरगा एवढा लांब सूर धरतोय तर श्वास कुठं घेतोय, लय दमाचा दिसतोय, असं ते म्हणाले, पण कौतुकाने नाही. त्यांचे ओठ आत ओढले गेले होते, मानेची शीर ताठ झाली होती. तो चेहरा मी आमच्या आरशात कितीतरी महिने बघत होते. वहिनी मान खाली घालून ताटं पुसत होती. तिने एकदाच वर माझ्याकडे पाहिलं. आपल्या तोंडाने ती सांगणार नव्हती, हे मला कळलं.

"आबा, पोरगा नाही," मी म्हणाले. "तुमची मंगल वाजवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेष्टा चाललीय का, असा त्यांचा चेहरा झाला. मी त्यांना बटणांचं सांगितलं, मालेगावचं सांगितलं, पट्टी कशी दाबून धरते तेही दाखवलं. आबांनी टेप मागे घ्यायला लावली. ते गाणं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, डोळे न मिटता, टेपरेकॉर्डरच्या जाळीकडे बघत ऐकलं. संपल्यावर बराच वेळ खाटेची दोरी चाचपत बसले.

"सूर पक्का हाय," ते शेवटी म्हणाले, तिला. "बँडात आमचा कधी एवढा पक्का नव्हता."

मग ते उठले आणि कांद्याच्या चाळीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. वहिनीने ते वाक्य उभं राहून, दोन्ही हातांत ताट तसंच धरून ऐकलं होतं. तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. ते वाक्य माझं होतं. माझ्या कामाबद्दल आजवर कुणी बोललेलं एकुलतं एक वाक्य, आणि ते तिला मिळालं होतं. ती माझ्याकडे वळेल असं मला वाटलं. ती वळली नाही. ताट ठेवून आत गेली.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते, ती शेजारी. पिंपळगाव मागे पडलं. बाहेर द्राक्षांचे मांडव सुरू झाले तेव्हा ती म्हणाली, "ताई, आबा म्हनले ना, सूर पक्का हाय."

"हो. ऐकलं मी."

"ते तुमचं होतं. मला तिथं सांगता आलं नाय. ते पयल्यांदाच कायतरी म्हनले मला."

तिथे, त्यांच्यासमोर सांगायला काय झालं होतं, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी तिच्याकडे वळले. गाडी लागल्यासारखा तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"ऊठ, इकडे खिडकीत बस," मी म्हणाले आणि बाजूला झाले. मी तिला पहिल्यांदाच अगंतुगं केलं होतं, हे ओझर येईपर्यंत आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.